खाण तशी माती? : त्वचेचा कर्करोग आणि वारशाचा प्रश्न

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे माणसाच्या गुणावगुणांपासून त्याच्या आजारांपर्यंत सर्वत्र वापरली जाते. घरात कोणाला मोठा रोग जडला की नातेवाईक औषधाची चौकशी मागाहून करतात. आधी विचारतात, ‘तुमच्यात पूर्वी कोणाला होता का?’ लग्न जमविताना तर हा प्रश्न उघड किंवा आडवळणाने येतोच. त्यामागचे गृहीत असे की, रक्तातून जे आले ते टळत नाही. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार त्वचेच्या कर्करोगाच्या आधाराने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखिका कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. वैद्यकाचा अधिकार तिला नाही. परंतु वंश, विवाह आणि रूढी हे विषय आमच्या अभ्यासक्रमात आहेत आणि या रोगाची कथा त्या तिन्ही विषयांतून जाते, म्हणून हे धाडस.

त्वचा हा वारशाचा सर्वांत उघडा पुरावा होय. मूल जन्मल्यावर ‘रंग कोणाचा घेतला?’ हे पाहिल्यावाचून आजी पाळण्यापासून हलत नाही. हा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याने येतो आणि त्या द्रव्याचे एक काम म्हणजे सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करणे. म्हणूनच ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या गोऱ्या लोकांत मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग वर्षाला लाखामागे पन्नासच्या घरात आढळतो, तर भारतात हे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी वधू पाहिजे’ असे छापणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत! मात्र या सावळ्या कवचाला एक उणी बाजू आहे. जो रोग क्वचित होतो, तो क्वचितच ओळखला जातो. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

या विषयाचा आपल्या मुलखातला पहिला मोठा अभ्यासक म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८). मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राचे काम करताना त्यांच्या लक्षात आले की काही रुग्णांना त्वचेचा कर्करोग होतो तो उन्हात उघड्या राहणाऱ्या चेहऱ्यावर वा हातावर नव्हे, तर कमरेवर, जेथे ऊन कधी पोहोचत नाही. कारण धोतर. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या काठाने कातडी काचते, घट्टा पडतो, व्रण होतो आणि कित्येक वर्षांनी तेथे कर्करोग उद्भवतो. बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रकाराचे वर्णन आले आणि ‘धोतराचा कर्करोग’ हे नाव जगाच्या वैद्यकात रूढ झाले. पुढे लुगड्याच्या व परकराच्या नाडीने होणारा त्याचा जोडीदारही नोंदला गेला. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग याच जातीचा. त्याचा जातीपातीच्या रक्ताशी काही संबंध नाही. नेसण्याच्या आणि शेकण्याच्या रीतीशी आहे.

एवढ्यावरच थांबले असते, तर खानोलकर ‘सारे काही परिस्थितीने घडते’ या पक्षाचे ठरले असते. पण त्यांनीच पुढे एल. डी. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांची सात आनुवंशिक लक्षणे तपासली. बेटीव्यवहार वेगळा असलेले, शेजारी शेजारी राहणारे हे समाज आनुवंशिक दृष्टीने एकमेकांपासून किती वेगळे पडले आहेत, हे त्यांना पाहावयाचे होते. तो निबंध १९४९ च्या सुमारास लंडनच्या ज्या नियतकालिकात आला, त्याच्या नावात ‘सुप्रजननशास्त्र’ या अर्थाचा शब्द होता. १९५४ साली तो काढून तेथे ‘मानवी आनुवंशिकी’ असे नाव घातले गेले. महायुद्धात जर्मनीने वंशशुद्धीच्या नावाखाली जे केले, त्यानंतर तो जुना शब्द उच्चारणे अवघड झाले होते. वारशाविषयी बोलताना हा इतिहास विसरता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. कर्करोग आनुवंशिक आहे की नाही, या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. ती सोडविण्यासाठी पुण्याचेच उदाहरण घेऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी बाराशेंवर हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. संपादकांना दोन प्रकारचे फरक आढळत. काही पाठभेद परंपरेने आलेले : काश्मिरी पोथ्यांत एक, दाक्षिणात्य पोथ्यांत दुसरा, आणि त्या घराण्यातल्या प्रत्येक पोथीत तोच. दुसरे फरक म्हणजे एखाद्या लेखनिकाने उतरवून घेताना केलेली चूक, जी त्याच्या प्रतीपुरती आणि त्या प्रतीवरून पुढे उतरविलेल्या प्रतींपुरती राहते.

शरीरातही असेच घडते. प्रत्येक पेशीत डीएनएची एक पोथी असते आणि पेशी दुभंगताना तिची नक्कल होते. ऊन, तंबाखू, काचणी, वय अशा कारणांनी नकलेत चुका शिरतात. त्या चुका नेमक्या जागी साठल्या म्हणजे पेशी बेबंद वाढू लागते आणि गाठ तयार होते. या चुका त्या गाठीपुरत्या. आईबापांकडून आलेल्या नव्हेत आणि मुलांकडे जाणाऱ्याही नव्हेत. गोऱ्या लोकांच्या मेलॅनोमापैकी सुमारे निम्म्यांत बीआरएएफ या जनुकात जी चूक सापडते ती या प्रकारची. उलट, जे पाठभेद आपण जन्मतःच घेऊन येतो ते शरीरातील प्रत्येक पेशीत असतात. रोग गाठीतल्या चुकांनी होतो. परंतु तो कोणाला लवकर होतो आणि झाल्यावर कोण किती काळ जगतो, यावर जन्मजात पाठभेदांचा परिणाम होऊ शकतो. ‘तुमच्यात कोणाला होता का?’ हा प्रश्न फक्त या दुसऱ्या प्रकाराला लागू पडतो.

जन्मजात पाठभेदाचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे झेरोडर्मा पिग्मेंटोजम. नाव अवजड आहे; अर्थ ‘कोरडी, डागाळलेली कातडी’. व्हिएन्नाचे मोरित्झ कापोसी यांनी १८७० च्या दशकात या रोगाचे वर्णन केले, पण कारण समजण्यास १९६८ साल उजाडावे लागले. अतिनील किरणांनी झालेली डीएनएची दुखापत दुरुस्त करण्याची यंत्रणा या मुलांत जन्मतःच अधू असते, हे त्या वर्षी जेम्स क्लीव्हर यांनी दाखविले. (ही दुरुस्ती निरोगी पेशीत कशी चालते ते उलगडल्याबद्दल अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळाले.) आपल्या पेशींत जी डागडुजी रोज रात्रंदिवस चालते ती या मुलांत होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांत १९७१ ते २००९ या काळात पाहिलेल्या अशा १०६ रुग्णांचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मेलॅनोमाखेरीज त्वचेचा अन्य कर्करोग झाला, त्यांच्यापैकी निम्म्यांना तो नवव्या वर्षापर्यंत झाला होता. सर्वसाधारण अमेरिकन माणसाला तो साठी उलटल्यावर होतो. मरण पावलेल्यांपैकी निम्मे बत्तिशीच्या आतच गेले.

येथे वारसा निर्णायक आहे, असे कोणीही म्हणेल. परंतु याच रोगातील एक बाब विचारात पाडणारी आहे. या रोगाचे अनेक पोटप्रकार आहेत. काहींत मूल थोड्या उन्हानेही भाजून निघते, अंगावर फोड येतात. काहींत तसे काहीच होत नाही. फक्त डाग वाढत जातात. सहज वाटेल की भाजणारी मुले अधिक अभागी. प्रत्यक्षात त्वचेचे कर्करोग अधिक आढळतात ते न भाजणाऱ्या मुलांत! भाजणाऱ्या मुलाला आईबाप घाबरून लवकर डॉक्टरकडे नेतात, निदान होते, मूल उन्हापासून जपले जाते. दुसरे मूल अंगणात खेळत राहते. म्हणजे ‘खाण’ वाईट असूनही ‘माती’ कशी होईल, हे दाराच्या आत ठेवलेल्या आणि बाहेर सोडलेल्या मुलात वेगळे ठरते.

या रोगाचा आपल्या विवाहपद्धतीशी थेट संबंध आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात दाखविले की महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींचा संगम आहे : आतेबहिणीशी लग्न सहसा वर्ज्य, पण मामेबहिणीशी अनेक समाजांत संमत, किंबहुना हक्काचे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी घरीच ऐकली असेल. आता हिशेब करू. हा रोग होण्यास आई व बाप दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते; एकाकडूनच आली तर माणूस निरोगी राहतो, फक्त वाहक होतो. युरोप-अमेरिकेत हा रोग दहा लाखांत सुमारे एकाला होतो. त्यावरून तेथे वाहक पाचशेत एक निघतो. समजा, एखादा तरुण वाहक आहे. त्याने नात्याबाहेरची मुलगी केली, तर ती वाहक असण्याचा संभव याच प्रमाणाने पाचशेत एक, आणि त्यांच्या मुलाला रोग होण्याचा दोन हजारांत एक. त्याने मामेबहीण केली, तर ती वाहक असण्याचा संभव आठात एक आणि मुलाला रोग होण्याचा बत्तिसात एक. दोन हजार आणि बत्तीस! त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की मुळात तरुण वाहक नसेल, तर मामेबहिणीशी लग्न केल्याने हा रोग आकाशातून पडत नाही. रीतीला पाप ठरविण्याची गरज नाही. हिशेब मात्र माहीत असावा, विशेषतः ज्या घरात असे एक मूल आधीच जन्मले आहे त्या घरात. अशा घरातील आईलाच ‘अवलक्षणी’ ठरविले जाते, हे तर गणितालाही धरून नाही. सदोष प्रत दोघांची असते.

आतापर्यंत पाहिले ते रोग होण्याविषयी. रोग झाल्यानंतर कोण जगतो, हा प्रश्न निराळा, आणि तेथे तर उत्तरे कधी कधी उलटी येतात.

एमसी-१-आर नावाचे एक जनुक आहे. त्याचे काही पाठभेद असणाऱ्यांचे केस तांबडे, कातडी पांढरीफटक. अशा माणसांना मेलॅनोमाचा धोका अधिक. परंतु २०१२ साली युरोपीय संशोधकांच्या एका गटाने मेलॅनोमा झालेल्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा हेच पाठभेद असलेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण काहीसे बरे आढळले. जी गोष्ट रोगाला दार उघडते तीच नंतर थोडी सावरतेही. एपीओई या जनुकाची कथा याहून चमत्कारिक आहे. त्याचा चौथा प्रकार असणाऱ्यांना म्हातारपणी अल्झायमरचा विस्मृतिविकार होण्याचा धोका जास्त असतो. म्हणून तो ‘वाईट’ समजला जातो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली उंदरांवरील प्रयोगांतून व रुग्णांच्या नोंदींतून असे मांडले की मेलॅनोमाच्या रुग्णांत हा चौथा प्रकार असलेले दुसरा प्रकार असलेल्यांहून अधिक काळ जगतात, कारण त्यांची प्रतिकारशक्ती गाठीशी अधिक जोमाने झुंजते. मग या वारशाला चांगला म्हणावे की वाईट?

या संदर्भात कोडाचा उल्लेख केलाच पाहिजे. कोड हा शब्द आपल्याकडे अजून दबक्या आवाजात उच्चारला जातो. त्यापायी जमलेली लग्ने मोडतात. पुण्यात श्वेता असोसिएशनसारखी संस्था हे भय घालविण्यासाठी झटते ती उगीच नव्हे. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते आणि मेलॅनोमा हा त्याच रंगपेशींचा कर्करोग आहे. त्यामुळे कोडाकडे झुकविणारे काही जनुकीय पाठभेद मेलॅनोमापासून काही अंशी रक्षण करतात, असे आढळले आहे. एवढेच नव्हे, मेलॅनोमाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती चेतविणारी औषधे देताना अंगावर कोडाचे डाग उमटले, तर डॉक्टर ते शुभचिन्ह मानतात. असे रुग्ण सरासरीने अधिक जगतात. सोयरीक मोडणारा डाग आणि जीव वाचल्याची खूण ही एकच. (जन्मतः सर्वांग रंगहीन असलेली मुले वेगळी, त्यांना कोड नसते. त्यांच्या कातडीत मेलॅनिनचे कवचच नसल्याने त्यांना त्वचेच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो आणि त्यांना टोपी, लांब बाह्या व सावली लागते. दोहोंना एकाच नावाने हाक मारणे हे अज्ञान अशा मुलांना महागात पडते.)

प्रतिकारशक्ती चेतविण्याच्या उपचाराबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पण ही औषधे सर्वांना सारखी लागू पडत नाहीत. त्याचे एक कारण एचएलए ही जनुके. पेशीच्या आत काय चालले आहे त्याचे नमुने पृष्ठभागावर मांडून प्रतिकारशक्तीला दाखविण्याचे काम ती करतात. पेशीच्या दारातले जणू सूचनाफलकच. त्यांतील मुख्य तीन फलकांच्या दोन-दोन प्रती आईबापांकडून येतात. सहाही वेगवेगळ्या असतील तर अधिक प्रकारचे नमुने मांडता येतात. मेलॅनोमा व फुप्फुसाच्या कर्करोगासह निरनिराळ्या कर्करोगांच्या १,५३५ रुग्णांच्या २०१८ मधील अभ्यासात, या उपचारानंतर अशी विविधता असलेले रुग्ण अधिक जगल्याचे आढळले. जवळच्या नात्यात लग्न झाले की दोन्हीकडून सारखीच प्रत येण्याचा संभव वाढतो, हे आपण वर पाहिले. दोन गोष्टी जोडण्याचा मोह होतो. त्या अभ्यासाने तसे म्हटलेले नाही. पण संघवी-खानोलकरांच्या वाटेने जाणाऱ्या एखाद्या संशोधकाने हा प्रश्न हाती घ्यावा.

आणि येथेच आपली खरी अडचण दिसते. वर सांगितलेले जगण्याविषयीचे निष्कर्ष मुख्यतः गोऱ्या रुग्णांवरून काढलेले आहेत. पोथीची उपमा पुढे चालवायची तर, चिकित्सक आवृत्ती निघाली खरी, पण तिच्यात आपल्या घराण्याच्या पोथ्या फारशा ताडून पाहिलेल्याच नाहीत. याचा परिणाम केवळ ज्ञानापुरता राहत नाही. डोळ्यातील मेलॅनोमावर टेबेंटाफस्प नावाचे औषध २०२२ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते एचएलएचा एकच विशिष्ट प्रकार, ए-०२:०१, असलेल्यांनाच लागू पडते. हा प्रकार युरोपीय लोकांत विपुल आहे. भारतीयांत त्याच कुळातला ए-०२:११ हा दुसरा प्रकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. म्हणजे औषधच एका वंशाच्या मापाने शिवलेले. भारतातील दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचण्याचा ‘जीनोमइंडिया’ प्रकल्प २०२० साली सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची माहिती संशोधकांना खुली झाली, ही या दिशेने आशेची गोष्ट होय.

आपल्या हिंजवडीचा येथे दुरून संबंध येतो. येथील बायोटेक पार्कमधील जिनोव्हा या कंपनीने बनविलेल्या भारतातील पहिल्या एम-आरएनए लसीला जून २०२२ मध्ये कोविडसाठी तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतून बातमी आली की याच तत्त्वावरची, पण प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र बनविलेली लस मेलॅनोमावर वापरून पाहिली आहे. १५७ रुग्णांच्या त्या चाचणीत, नेहमीच्या औषधाबरोबर लस दिलेल्यांत रोग उलटण्याचा वा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी आढळला. ही लस बनविताना रुग्णाच्या गाठीतल्या चुका आणि त्याचे वारशाने आलेले एचएलए ही दोन्ही वाचावी लागतात : लेखनिकाची चूक आणि घराण्याचा पाठभेद, दोन्ही एकाच वेळी. असली विद्या आपल्या वेशीपाशी आली आहे. ती भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या माणसापर्यंत कोणत्या किमतीला पोहोचेल, हा अर्थशास्त्राच्या मित्रांचा विषय. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी निवोलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहून कमी प्रमाणात देऊन डोक्या-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक जगतात, हे २०२२ साली दाखविले. त्वचेचा तो रोग नव्हे, पण विचार करण्याची ही रीत मला अतिशय महत्त्वाची वाटते.

कारण जगण्यातला सर्वांत मोठा फरक अजूनही जनुकांनी पडत नाही. अमेरिकेतील आकड्यांप्रमाणे मेलॅनोमा जागच्या जागी असताना सापडला तर पाच वर्षांनंतर जवळजवळ सर्व रुग्ण जिवंत असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर सुमारे तिसरा हिस्सा. वर उल्लेखिलेल्या कोणत्याही जन्मजात पाठभेदाने एवढी तफावत पडत नाही.

आपल्याकडे तो उशिरा सापडतो, याचे कारण तो जेथे होतो ती जागा. सावळ्या माणसांत मेलॅनोमाचा मोठा वाटा तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली आढळतो, जेथे मेलॅनिन मुळातच कमी असते आणि उन्हाचा संबंध फारसा नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले १९८१ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला तो पायाच्या बोटाच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमाने. आधी ती खेळातली दुखापत समजली गेली होती. मुळशी तालुक्यात आषाढात चिखलणी व भातलावणी करणाऱ्या बाया दिवसदिवस अनवाणी चिखलात असतात. त्यांच्या तळपायावर काळे काही दिसले तर ते काटा, कुरूप किंवा भोवरी समजून पात्याने तासले जाते, नाहीतर चुना लावला जातो. म्हातारीचा तळपाय कोण निरखून पाहतो?

तरी भेद ओळखणे फार कठीण नाही. कुरूप वरून तासले की आत काचेसारखा कठीण गाभा दिसतो आणि दाबल्यावर दुखते. हा डाग बहुधा दुखत नाही. त्याची कड वेडीवाकडी, रंग एकाच जागी काळा, तपकिरी, कधी निळसर, आणि तो पसरत जातो. नखाचेही तसेच. ठेच लागून नखाखाली रक्त साकळले, तर तो काळा भाग नख वाढेल तसा पुढे सरकतो आणि पायाच्या अंगठ्यावरून वर्ष-दीड वर्षात निघून जातो. मेलॅनोमाचा काळा पट्टा पुढे सरकत नाही. तो नखाच्या मुळापासून टोकापर्यंत राहतो, रुंदावतो आणि पुढे नखालगतच्या कातडीवर उतरतो. असा पट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून त्याचा लहानसा तुकडा तपासून घ्यावा लागतो.